त्रेसष्टाव्या घरापासून

मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. पण मित्रांनो, किल्ल्यांच्या जुडग्याला लटकून कुणाची गाणी आणि सहलीचे फोटो वाहणाऱ्यांपैकी मी नव्हे. मी नऊ वर्षं एकाच राउटरच्या पाठीला चिकटून नोकरी केली आणि एका इस्पितळाच्या दूधपेढीचं तापमान दर मिनिटाला लिहून ठेवलं. हे मी छाती पुढे काढून सांगतो आहे. मला छाती नाही हे ठाऊक आहे, तरीही सांगतो आहे.

आकाराने मी अंगठ्याच्या पेराएवढा. एकेकाळी काळा कुळकुळीत होतो, आता करडा पडलो आहे. माझ्या एका अंगाला चिकटपट्टीचा डिंक अजून तसाच आहे. पुष्कळांनी तो पुसायचा प्रयत्न केला, पण तो निघाला नाही, आणि खरं सांगायचं तर तो निघू नये असंच मला वाटत होतं. त्या डिंकाची हकीकत पुढे येईल.

माझा जन्म अशा कारखान्यात झाला जिथे माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत वावरतात आणि शिंक आली तर बाहेर पळतात. माझ्याबरोबर तयार झालेले बरेच जण चाचणीत नापास झाले. मी पास झालो. थोडा शिष्टपणा माझ्या अंगी आहे तो तेव्हापासूनचा.

माझ्या पोटात काय असतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. माझ्या आत लाखो इवली घरं आहेत आणि प्रत्येक घराला नंबर आहे. आठ घरं मिळून एक फरशी होते, आणि पुष्कळ फरश्या मिळून एक चौक. लिहायचं ते फरशी-फरशीने, पण पुसायचं तर अख्खा चौक पुसावा लागतो. पाटीवरचं एक अक्षर तुम्ही बोटाने पुसता, तसं मला जमत नाही. शिवाय प्रत्येक चौक ठरावीक वेळाच पुसता येतो. त्यानंतर तो दमतो आणि लिहिलेलं धरून ठेवत नाही. म्हणजे माझं आयुष्य वर्षांत मोजू नका, पुसण्यात मोजा.

मला विकत घेतलं ते मामांनी. मामांचं राउटर आणि वायरी दुरुस्तीचं दुकान होतं. भिंतीला राउटर टांगलेले, टेबलावर सोल्डरचा वास, आणि कोपऱ्यात उघडी पडलेली जुनी मशीनं. गिऱ्हाइकं वयाने मोठी असली तरी त्यांना मामाच म्हणत. खरी भाची मात्र एकच, आणि ती दुकानात त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसायची. शाळा सुटल्यावर गंमत म्हणून यायला लागली होती, आणि मी आलो तोवर अर्धं दुकान तीच सांभाळत होती.

मामांकडे निळ्या कापडी पुठ्ठ्याची एक वही होती. तरुणपणी ते गरगर फिरणाऱ्या डिस्क दुरुस्त करायचे, तेव्हापासूनची. त्यात काय नव्हतं? कुठला स्क्रू किती पिळायचा इथपासून सगळं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं : पहिलं पार्टिशन नेहमी ६३ पासून. साठवणीच्या कुठल्याही वस्तूत माहितीची जागा आखून घ्यावी लागते, तिला पार्टिशन म्हणतात. ती त्रेसष्टाव्या घरापासून आखायची, असा मामांचा शिरस्ता होता. भाची या वहीवरच शिकली. दुकानातून बाहेर गेलेली प्रत्येक वस्तू त्रेसष्टापासून सुरू होऊन गेली होती आणि मामांना त्याचा अभिमान होता.

एके दिवशी इस्पितळातल्या दूधपेढीचं काम आलं. ज्या आयांना बाळाला पुरून दूध उरतं त्या तिथे देतात, आणि अपुऱ्या दिवसांची जी बाळं जन्मतात, ज्यांच्या आईला दूध येत नाही, त्यांना ते पाजलं जातं. खोलीत दोन फ्रीझर होते, एक मोठा भिंतीशी आणि एक छोटा खिडकीशी. दोन्हींत गोठलेल्या दुधाच्या बाटल्या. नियम कडक होता : तापमान उणे दहाच्या वर गेलं की ते दूध बाळाला द्यायचं नाही. ग्यानबाची मेख अशी की एकदा वितळून पुन्हा गोठलेलं दूध पाहून ओळखता येत नाही. बाटली तशीच, दूध तसंच पांढरं आणि फ्रीझरवरचा आकडाही तोच. मधल्या वेळात काय झालं हे सांगायला कुणीतरी सतत जागं हवं. दोन्ही फ्रीझरमधले बिनतारी तापमापक दर मिनिटाला राउटरला आकडा पाठवणार होते आणि राउटर तो माझ्याकडून लिहून घेणार होता.

मामांनी मला हातात घेतलं, त्रेसष्टापासून आखलं आणि वर फॅट नावाची पद्धत घातली. कुठली माहिती कुठे ठेवली हे लक्षात ठेवण्याच्या निरनिराळ्या पद्धती असतात. फॅट त्यातली साधी, सगळीकडे चालणारी. भाचीने विचारलं की याच्यात फिरती डिस्क नाही, मग त्रेसष्ट कशाला. मामांनी मान वर न करता वहीचं पहिलं पान तिच्यासमोर सरकवलं. विषय संपला.

आता माझी अवस्था ऐका. फरशी आठ घरांची, म्हणजे सांधे शून्य, आठ, सोळा असे येणार. चौसष्टावर सांधा आहे, त्रेसष्टावर नाही. एका घराने चुकलं. कागद जर फरशीच्या सांध्यापासून मांडायला सुरुवात केली तर एक कागद एका फरशीवर नीट बसतो. पण पहिलाच कागद सांध्याच्या जरा अलीकडे ठेवला, तर पुढचे सगळे दोन-दोन फरश्यांवर पाय टाकून बसतात. माझं तसंच झालं. एक ओळ लिहायची तर दोन फरश्यांना हात लावायचा, आधी वाचायचं, मग बदलायचं, मग दुसरीकडे उतरवायचं. काम एकाचं, झीज दोघांची. त्यातून फॅटचा, कुठे काय ठेवलं याचा, तक्ता सुरुवातीच्या त्याच ठिकाणी, आणि दर ओळीला त्यात खाडाखोड. तरी मी हूं की चूं न करता लिहीत राहिलो. कुणाला सांगणार होतो म्हणा.

सात महिने निघाले. मग एका दुपारी वीज गेली ती नेमकी मी तक्ता बदलत असताना. जुनं पुसून झालं होतं आणि नवं लिहायचं होतं. वीज परत आली तेव्हा मला माझंच काही सापडेना. राउटरने विचारलं, काय आहे तुझ्याकडे? मी म्हटलं, काही आठवत नाही.

दूधपेढीला त्या दुपारी कुलूप होतं. वीज दहा मिनिटं गेली की तीन तास, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. फ्रीझर उणे एकोणीस दाखवत होते, पण ते आत्ताचं. बाळांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, खात्री नाही तर द्यायचं नाही. दूधपेढीच्या सिस्टरांनी सेहेचाळीस बाटल्या नळाच्या पाण्याखाली वितळवून एकेक करून बेसिनमध्ये ओतल्या. प्रत्येक बाटलीवर दिलेल्या आईचा नंबर आणि तारीख होती. ती वाचून रजिस्टरमध्ये काट मारायची आणि मग ओतायची. मी राउटरच्या पाठीशी होतो आणि ते पाणी वाहण्याचा आवाज ऐकत होतो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी दुपार ती. तुमच्यापासून लपवून काय करू?

मामांनी मला परत आणलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, माल हलका निघाला, दुसरा लावू. मला कचऱ्याच्या डब्याकडे नेणारा त्यांचा हात भाचीने वाटेत धरला. नंतरचे चार दिवस ती मला घेऊन बसली होती. तिने मला त्रेसष्टापासून आखलं आणि हजार ओळी लिहायला लावल्या. मग दोन हजार अठ्ठेचाळिसाव्या घरापासून आखलं आणि त्याच हजार ओळी पुन्हा. मामांच्या हातातलं घड्याळ काढून तिने त्यांनाच वेळ मोजायला बसवलं. दुसऱ्या खेपेला निम्म्याहूनही कमी वेळ लागला. मामांनी घड्याळ कानाशी धरून पाहिलं, चालू आहे ना म्हणून.

"मामा, त्रेसष्ट चूक नव्हतं. तुझ्या डिस्कना एका फेरीत त्रेसष्ट घरं असायची, म्हणून ते बरोबर होतं. याला फेरीच नाही," भाची म्हणाली.

मामा म्हणाले, "तीस वर्षं मी झक मारली का मग?"

मामाला दुखवायचं भाचीच्या मनात नव्हतं आणि खोटं बोलायचंही नव्हतं. तिने घड्याळ परत त्यांच्या मनगटावर बांधून दिलं.

मग पद्धत निवडायची होती. फॅट बाद झाली. माझ्यासारख्यांसाठीच म्हणून बनवलेली एक नवी पद्धत होती. भाचीचा जीव तिच्यावर होता, पण तो राउटर जुना आणि त्याला ती ओळखताच येईना. शेवटी तिने एक्स्ट-फोर घातली. तिची खुबी अशी की काही बदलायचं असेल तर आधी एका कच्च्या वहीत नोंद होते, मग पक्क्यात. मध्येच वीज गेली तर परत उठल्यावर कच्ची वही वाचायची आणि राहिलेलं पुरं करायचं किंवा सोडून द्यायचं, गोंधळ नाही. थोडं लिहिणं वाढतं, पण भाची म्हणाली, हा खर्च मला मान्य आहे. मात्र कुणी नुसतं वाचलं तरी वाचल्याची वेळ टिपून ठेवायची माझी खोड तिने बंद केली. उगाच कशाला झिजायचं, हे तिचं म्हणणं मला सोळा आणे पटलं.

दोन हजार अठ्ठेचाळीस का, हेही सांगतो. तिथे नुसता फरशीचा सांधा नाही, चौकाचाही सांधा येतो. मी पहिल्यांदाच पाय मोकळे करून बसलो.

यानंतर तिने मी लिहीत असताना राउटरची वायर पन्नास वेळा उपटली. पन्नासही वेळा मी उठून माझ्या ओळी मोजून दिल्या. मामा दुसऱ्या कामात असल्यासारखं दाखवत होते, पण तिसाव्या वेळेनंतर त्यांचा आकडा मोजण्याचा पुटपुटाट मला ऐकू येत होता. शेवटी ते एवढंच म्हणाले, तू लावतेस, तू जबाबदार. वहीचं पहिलं पान तसंच राहिलं.

भाचीने मला परत दूधपेढीत नेऊन लावलं, तेव्हा सिस्टरांनी मला पाहिलं आणि ओळखलं. त्यांनी सलाइनच्या सुईवर लावतात ती पांढरी चिकटपट्टी कापली, त्यावर पेनाने लिहिलं "भरवसा नाही" आणि माझ्या अंगावर चिकटवली. रजिस्टरमध्ये त्या सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आकडा लिहू लागल्या. मला राग आला नाही. म्हणजे थोडा आला, पण ज्या हातांनी सेहेचाळीस बाटल्या ओतल्या त्या हातांना तेवढा हक्क होता.

दोन वर्षं मी ती पाटी अंगावर वागवत मुकाट्याने लिहिलं. मग तो वाऱ्याचा दिवस आला.

सकाळपासून वारा सुटला होता आणि बाहेर तारांना तारा घासत होत्या. वीज सकाळी दहाला गेली, आली, पुन्हा गेली. इस्पितळाचा जनरेटर होता, पण तो शस्त्रक्रियेच्या खोलीला आणि बाळांच्या पेट्यांना. दूधपेढी त्याच्या यादीत नव्हती. राउटरखाली बॅटरीचा डबा होता, पण तोही म्हातारा. वीज गेली की बॅटरीवर जायला त्याला क्षणभर उशीर व्हायचा, तेवढ्यात राउटर मान टाकायचा आणि दीड मिनिटाने पुन्हा उठायचा. त्या दिवशी वीज अकरा वेळा गेली. अकरा वेळा मी लिहिता लिहिता कोसळलो आणि अकरा वेळा उठून कच्ची वही उघडली, राहिलेलं पाहिलं आणि पुढची ओळ धरली. पाचव्यांदा उठताना मला सेहेचाळीस बाटल्यांचा तो आवाज आठवला. सातव्यांदा आठवायलाही वेळ नव्हता.

चारच्या सुमाराला वीज स्थिरावली. सिस्टर दिवसभर बाळांच्या खोलीत अडकल्या होत्या, कारण आदल्या दिवशी नऊशे ग्रॅमचं एक बाळ आलं होतं आणि त्याच्या आईला दूध नव्हतं. त्या बाळाला दर दोन तासांनी चमचाभर दूध लागत होतं. दुपारपर्यंतचं सकाळीच वितळवून ठेवलं होतं, ते संपलं. पुढची वेळ सहाची. रजिस्टरमध्ये सकाळी नऊचा आकडा होता, उणे वीस. समोर दोन्ही फ्रीझर उणे एकोणीस दाखवत होते. मधल्या सात तासांचं रजिस्टर कोरं होतं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "सिस्टर, काय करायचं? द्यायचं की ओतायचं?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या अंगावरच्या पट्टीकडे पाहिलं आणि दुकानात फोन लावला.

मामा आणि भाची स्कूटरवरून आले. भाची लॅपटॉप जोडायला वाकली, पण मामांनी तिला बाजूला केलं आणि चष्मा लावून स्वतः बसले. मला वाटलं, आता माझी उलटतपासणी. त्यांनी आधी ओळी मोजल्या. मग वीज जाण्याच्या अकरा जागा शोधल्या. प्रत्येक जागी दीड-दीड मिनिटाची फट होती, त्याहून जास्त कुठेच नाही. कडक गोठलेलं दूध दीड मिनिटात हलत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मग मामांनी बोट ठेवून मोठा फ्रीझर वाचला. दिवसभरातला सगळ्यात वरचा आकडा उणे सोळा.

सिस्टरांनी खुर्चीची पाठ धरली होती ती सोडली. पण मामांचं वाचून झालं नव्हतं.

"छोटा मात्र गेलाय," मामा म्हणाले. "एक वाजून बावीस मिनिटांनी उणे सात. चाळीस मिनिटं तसाच. मग पुन्हा गोठला."

मी हे लिहिलं होतं. लिहिताना मला माहीत होतं की याने कुणीतरी दुखावणार. पण उणे सातला उणे सतरा लिहिणं माझ्या हाडात नाही. मी नसतो, तर एक तर सगळं ओतावं लागलं असतं आणि ते बाळ उपाशी राहिलं असतं, नाहीतर विश्वासाने छोट्यातली बाटली काढली गेली असती. कुठलं वाईट ते तुम्हीच ठरवा. सिस्टरांनी छोट्या फ्रीझरमधल्या चौदा बाटल्या ओतल्या, पूर्वीसारख्याच नंबर वाचून. मोठ्यातल्या एकसष्ट बाटल्या राहिल्या. त्यातली एक त्यांनी कोमट पाण्यात उभी केली, आणि सहाला दोन मिनिटं असताना त्या बाळाच्या तोंडात पहिले थेंब गेले. मित्रांनो, त्या दोन थेंबांत माझी दोन वर्षं होती, असं मी म्हटलं तर मला गर्विष्ठ म्हणू नका. म्हणालात तरी चालेल.

संध्याकाळी सिस्टर माझ्यापाशी आल्या आणि नखाने माझी पट्टी सोलून काढली. एका कोपऱ्याचा डिंक तेवढा राहिला. ती पट्टी त्यांनी टाकली नाही, मामांच्या हातात ठेवली. मामांनी ती पाकिटात घातली. सकाळ-संध्याकाळचे आकडे सिस्टर पुढेही लिहीत राहिल्या, पण आता माझ्या ओळींशी ताडून पाहायच्या आणि जुळले की बरोबरची खूण करायच्या. तीन आठवड्यांनी त्या नऊशे ग्रॅमच्या बाळाच्या आईला दूध आलं, आणि तिचं पहिलं जास्तीचं दूध त्याच मोठ्या फ्रीझरमध्ये आलं. त्या मिनिटाची ओळ मी जरा सुबक लिहिली.

पुढची वर्षं कामात गेली आणि त्यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. माझ्या नोकरीत काही न घडणं हीच बढती. मग एका सकाळी भाची आली आणि तिने माझ्या जागी नवा पेनड्राइव्ह लावला. सिस्टरांनी विचारलं की हा तर चालतोय, मग का काढतेस.

भाची म्हणाली, "चालतोय म्हणूनच. बिघडल्यावर काढला तर उशीर होतो."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण चौकांच्या दमण्याचा हिशोब मला माझा ठाऊक होता. हातात ओळ असताना कोसळून निघण्यापेक्षा सगळ्या ओळी सोपवून निघालो, हे केव्हाही चांगलं.

दुकानात आता भाचीच्या हाताखाली तीन जण होते आणि ती त्यांना तोंडी दोन हजार अठ्ठेचाळीस शिकवायची. निळी वही कपाटात होती, पहिलं पान जसंच्या तसं. मामा दुपारी तासभर यायचे, चहा प्यायचे, वर्तमानपत्र वाचायचे. भाचीने मला त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं आणि ती कामाला लागली. मामांनी मला उचललं, डिंकाच्या जागेवरून अंगठा फिरवला. मग उठून वही काढली.

पहिल्या पानावरचं वाक्य त्यांनी खोडलं नाही. त्याच्यापुढे सावकाश लिहिलं : "हे फिरत्या डिस्कसाठी. पेनड्राइव्हसारख्या फ्लॅशसाठी २०४८ पासून. राउटरला लावायचं तर आधी वीज कशी जाते ते बघा, मग पद्धत निवडा. शिकवलं : भाचीने." त्याखाली त्यांनी पाकिटातून जुनी, पिवळी पडलेली पट्टी काढून चिकटवली. त्यातल्या "नाही" या शब्दावर त्यांनी पेनाने एक रेघ मारली. हाक मारून भाचीला काही दाखवलं नाही. वही तिच्या टेबलावर उघडी ठेवली, वाऱ्याने पान उलटू नये म्हणून तिच्यावर मला ठेवलं आणि घरी निघून गेले.

भाचीने ते वाचलं तेव्हा मी तिथेच होतो. तिने त्या तिघांना बोलावलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून शिकवायला सुरुवात केली.

मी अजून त्याच वहीवर असतो. मित्रांनो, तुमच्याही घरात, दप्तरात, राउटरच्या पाठीला माझे भाऊबंद असतील. ते लहान आहेत म्हणून त्यांना कसंही आखू नका. कुठून सुरुवात करायची ते मोठ्यांना विचारा, आणि मोठे चुकताहेत असं वाटलं तर घड्याळ त्यांच्याच हातात द्या. कामाचं असेल ते दुसरीकडेही उतरवून ठेवा, आणि आम्ही दमण्याआधी आम्हाला सुट्टी द्या. आणखी एक. आम्हाला उपटून काढण्याआधी एकदा सांगत चला. कुणाची तरी ओळ पुरी करायची राहिलेली असते.